मज्जातंतूची जोडणी आणि प्रकाशाची कसोटी

तुटलेला मज्जातंतू सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक टाक्यांनी जोडणे अनुभवी शस्त्रवैद्यास आज फारसे दुष्कर राहिलेले नाही. दुष्कर असते ती त्यानंतरची प्रतीक्षा. जखम भरून येते, रुग्ण घरी जातो. परंतु जोडाच्या पलीकडे काय चालले आहे हे कित्येक महिने कोणासच कळत नाही. अक्षतंतू पलीकडे गेले काय, गेले असल्यास किती गेले, आणि जे गेले ते आपापल्या मूळ स्नायूकडेच गेले काय, ह्या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर उशिरा मिळते, दुसऱ्याचे अंदाजाने मिळते आणि तिसऱ्याचे बहुधा मिळतच नाही. शरीरात दीर्घकाळ ठेवता येण्याजोग्या लहानशा प्रकाशसाधनाने मज्जातंतू उद्दीपित करून ह्या प्रश्नांची उत्तरे वेळेत मिळवता येतील, अशी अपेक्षा अलीकडच्या प्राणिप्रयोगांमुळे उत्पन्न झाली आहे. ती कितपत साधार आहे, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रश्न किती व्यावहारिक आहे हे एका कल्पित, परंतु नित्य घडणाऱ्या उदाहरणावरून ध्यानात येईल. गारखेड्यात राहणारा आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामास जाणारा एखादा कामगार घेतला, आणि पत्र्याच्या धारेने कोपराच्या जरा वर त्याचा अल्नर मज्जातंतू तुटला असे मानले, तर त्या जागेपासून तळहाताच्या लहान स्नायूंपर्यंतचे अंतर सुमारे ३० ते ३५ सेंटिमीटर भरते. नवा अक्षतंतू दिवसाला सरासरी १ मिलिमीटर वाढतो. म्हणजे जोड उत्तम बसला तरी पहिले अंकुर तळहातात पोहोचण्यास दहा ते बारा महिने लागणार. इकडे चेतनाशून्य झालेला स्नायू अनंतकाळ वाट पाहत नाही. बारा ते अठरा महिन्यांत तो इतका क्षीण होतो की त्यानंतर अक्षतंतू येऊन पोहोचला तरी त्याचा स्वीकार नीटसा होत नाही. घड्याळाचे हे दोन काटे एकमेकांच्या इतके जवळ आहेत की जोड फसला असल्यास ते तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच कळावयास हवे. तसे कळले तर मनगटाजवळ मीडियन मज्जातंतूची एक शाखा वळवून ती अल्नरच्या प्रेरक शाखेस जोडण्याचा मार्ग मोकळा असतो. तेथून स्नायू जवळ असतात आणि प्रवास थोडा असतो. वर्षभर थांबून मग हात वाकडाच राहिला हे पाहण्यात त्या कामगाराची पकड कायमची जाते, आणि पकडीबरोबर बहुधा यंत्रावरचे कामही.

ह्या मंद वाढीचे कारण जुनेच आहे. ऑगस्टस वॉलर ह्याने १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या मज्जातंतूंवर प्रयोग करून दाखविले की तुटलेल्या जागेच्या पलीकडचा भाग, पेशीपासून विलग झाल्यामुळे, विघटन पावतो. पलीकडे उरतात त्या केवळ श्वान पेशींच्या रिकाम्या नळ्या. अलीकडचा अक्षतंतू ह्या नळ्यांत अंकुरतो व पुढे सरकतो. कोणता अंकुर कोणत्या नळीत शिरेल हे शस्त्रवैद्याच्या हाती अल्पांशानेच असते. १९४३ मध्ये सेडन ह्याने आणि १९५१ मध्ये संडरलंड ह्याने इजेचे जे वर्गीकरण केले त्याचे मर्म हेच की नळ्या शाबूत असतील तर वाट चुकत नाही, आणि नळ्याच तुटल्या तर चुकते.

प्रगती ओळखण्याच्या प्रचलित कसोट्या चार आहेत म्हणावयास हरकत नाही. १९१५ मध्ये, महायुद्धात परस्परांविरुद्ध लढणाऱ्या दोन देशांत, फ्रान्सच्या टिनेलने व जर्मनीच्या हॉफमनने स्वतंत्रपणे एकच चिन्ह वर्णिले: मज्जातंतूच्या मार्गावर बोटाने टिचकी मारली असता वाढत्या टोकापाशी झिणझिण्या येतात. ही कसोटी बिनखर्चाची आहे आणि म्हणूनच ती टिकली. पण ती केवळ संवेदी तंतूंविषयी बोलते, आणि थोडेसेच तंतू पुढे गेले असले तरी ‘होय’ म्हणते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने स्नायूंच्या बळाची शून्य ते पाच अशी श्रेणी रूढ केली. ती आजही प्रत्येक रुग्णपत्रकावर दिसते, परंतु स्नायू हलू लागल्यानंतरच तिला काही सांगता येते. सुई टोचून घेतलेला स्नायूंचा विद्युत्-आलेख त्याच्या काही आठवडे आधी बोलतो. तरीही अक्षतंतू स्नायूपर्यंत पोहोचल्यावाचून तोही पुनर्जोडणीची वार्ता देऊ शकत नाही. चौथी कसोटी विद्युत्-उद्दीपनाची. तिचा विचार स्वतंत्रपणे करणे बरे.

त्यापूर्वी महाराष्ट्राच्या एका अनुभवाचा उल्लेख अस्थानी होणार नाही. येथील वैद्यकाने मज्जातंतूंची परीक्षा करण्याचे जेवढे काम कुष्ठरोगाच्या निमित्ताने केले तेवढे क्वचितच दुसऱ्या निमित्ताने केले असेल. वडाळ्याचे १८९० मध्ये स्थापन झालेले अ‍ॅक्वर्थ रुग्णालय, बाबा आमटे ह्यांनी १९४९ मध्ये स्थापिलेली वरोऱ्याची महारोगी सेवा समिती, १९५१ पासून वर्ध्यास केंद्र असलेले गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान, आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या प्लास्टिक सर्जरी विभागातून व पुढे फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च ह्या संस्थेतून डॉ. नोशीर अंतिया ह्यांनी चालविलेले कार्य, ही त्याची ठळक स्थाने होत. कुष्ठरोगाचे जंतू श्वान पेशींतच वस्ती करतात, आणि कोपराजवळचा अल्नर मज्जातंतू हे त्यांचे आवडते ठिकाण. ह्या रुग्णांत एक गोष्ट वारंवार आढळली: मज्जातंतू वेदना न देताही निकामी होत जातो. रुग्ण तक्रार करीत नाही, कारण त्यास काही जाणवतच नाही. अशी मूक हानी एकदा केलेल्या तपासणीत पकडली जात नाही. त्याच हाताची, त्याच नायलॉनच्या धाग्यांनी, ठरावीक अंतराने पुनःपुन्हा परीक्षा केली तरच ती दिसते. हा धडा शस्त्रक्रियेनंतरच्या मज्जातंतूसही लागू पडतो. एका दिवसाचे मापन कितीही सूक्ष्म असले तरी त्याच मज्जातंतूवरील मापनांची मालिका त्याहून अधिक सांगते.

प्रयोगशाळेत हीच गोष्ट सर्वांत अवघड ठरते. उंदराच्या सायटिक मज्जातंतूवर जोडणी केल्यानंतर प्रगती पाहण्याची रूढ रीत अशी: ठरावीक आठवड्यांनी काही प्राण्यांना भूल द्यावयाची, मांडी पुन्हा उघडावयाची, जोडाच्या वरच्या बाजूस विद्युत्-अग्र लावून धक्का द्यावयाचा, पायाच्या स्नायूचे बल मोजावयाचे, आणि मग तो प्राणी मारून मज्जातंतूचे छेद तपासावयाचे. प्रत्येक आठवड्यास निराळे प्राणी. त्यामुळे हाती येतो तो गटागटांच्या सरासरींचा आलेख. कोणत्याही एका प्राण्याची कहाणी त्यात नसते. ह्यास पर्याय म्हणून १९८२ पासून पाऊलठशांवरून चालण्याचा निर्देशांक काढण्याची पद्धत वापरात आहे. परंतु पायाची बोटे आखडली, किंवा बधिर झालेली बोटे उंदराने स्वतःच कुरतडली, म्हणजे ठसे निरुपयोगी होतात.

विद्युत्-उद्दीपनाचा दोष केवळ शस्त्राच्या पुनरावृत्तीचा नाही. विद्युत्प्रवाह निवड करीत नाही. सायटिकसारख्या मिश्र मज्जातंतूत प्रेरक व संवेदी तंतू एकत्र असतात. प्रवाह दोहोंनाही जागे करतो, आणि म्हणून जाग्या प्राण्यात ही परीक्षा वेदनादायक होते. भूल द्यावी तर भुलीचा परिणाम मापनात मिसळतो. शिवाय नैसर्गिक हालचालीत लहान प्रेरक एकके आधी व मोठी नंतर कामास लागतात, हा एल्वुड हेनेमन ह्याने १९५७ पासून मांडलेला नियम प्रसिद्धच आहे. विद्युत्-धक्क्याने हा क्रम उलटतो, कारण जाड तंतू कमी प्रवाहासही वश होतात. स्नायू लवकर थकतो तो त्यामुळेच. तात्पर्य, ज्या बलाची नोंद होते ते प्राण्याच्या स्वाभाविक बलाचे प्रतिरूप नसते.

येथे प्रकाशाचा प्रवेश होतो, आणि तो एका गोड्या पाण्यातील शेवाळाच्या वाटेने होतो. क्लॅमिडोमोनस नावाचे एकपेशीय हिरवे शेवाळ उजेडाच्या रोखाने पोहते. त्यासाठी त्याच्या पेशीपटलात असे प्रथिन असते की निळा प्रकाश पडताच ते उघडून धन आयनांना आत वाट देते. ह्या प्रथिनांपैकी चॅनलऱ्होडॉप्सिन-२ चे कार्य २००३ मध्ये जर्मनीतील नागेल, हेगेमन, बांबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पष्ट केले. त्या निबंधाच्या लेखकांत सुनील कटेरिया हे भारतीय नावही आहे. २००५ मध्ये बॉयडन, डायसेरॉथ प्रभृतींनी हे जनुक सस्तन प्राण्यांच्या मज्जापेशींत घालून दाखविले की निळ्या प्रकाशाच्या स्पंदासरशी त्या पेशी संदेश सोडतात. ह्या पद्धतीस ऑप्टोजेनेटिक्स असे नाव पडले. तिचे सारे सामर्थ्य एका वाक्यात सांगता येते: ज्या पेशीत हे जनुक आहे तीच उत्तर देते, शेजारची देत नाही. निवड दिव्याने केलेली नसते; ती आधीच, जनुक कोठे पोहोचवावयाचे ते ठरविताना झालेली असते.

परिघीय मज्जातंतूंत ह्याचा पहिला महत्त्वाचा उपयोग २०१० मध्ये स्टॅनफर्ड येथे झाला. ज्यांच्या मज्जापेशींत हे प्रथिन जन्मतःच आहे अशा लहान उंदरांच्या सायटिक मज्जातंतूभोवती प्रकाश देणारे कडे बसविले असता स्नायूंची एकके हेनेमनच्या स्वाभाविक क्रमाने कामास लागली, आणि थकवाही विद्युत्-उद्दीपनापेक्षा कमी आला. मात्र अशा उंदरांत काही संवेदी तंतूंतही हे प्रथिन असते. तेथे निवड पूर्ण नसते. २०१३ मध्ये त्याच विद्यापीठातील गटाने दुसरी वाट चोखाळली. जनुक वाहून नेणारा निरुपद्रवी विषाणू उंदराच्या नडगीपुढील एका स्नायूत टोचला; तो अक्षतंतूंतून उलट प्रवास करून पाठीच्या कण्यातील नेमक्या त्याच स्नायूच्या प्रेरक पेशींत पोहोचला, आणि पुढे मोकळेपणी हिंडणाऱ्या उंदरात केवळ तेवढेच तंतू प्रकाशाने चेतविता आले.

ह्या दुसऱ्या प्रयोगाचा मज्जातंतू-शस्त्रक्रियेच्या दृष्टीने जो अर्थ होतो तो विशेष लक्ष देण्याजोगा आहे. समजा, इजा करण्यापूर्वीच एका स्नायूच्या प्रेरक पेशी अशा रीतीने खुणावून ठेवल्या. मग मज्जातंतू तोडला, जोडला, आणि जोडाच्या वरच्या बाजूस प्रकाशाचे कडे बसविले. काही आठवड्यांनी प्रकाश टाकला असता तो मूळ स्नायू आकुंचन पावला, तर त्याचे स्वतःचे तंतू घरी परतले असे निश्चयाने म्हणता येईल. शेजारचा स्नायू हलला, तर तेच तंतू परक्या घरी गेले. आणि विद्युत्-धक्क्याने मूळ स्नायू हलतो पण प्रकाशाने हलत नाही असे दिसले, तर त्या घरात परकेच येऊन राहिले आहेत. विद्युत्-उद्दीपनाने ह्या तीन अवस्थांत भेद करता येत नाही. त्याच्या दृष्टीने आकुंचन ते आकुंचन. चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या इजेनंतर हसू गेले असता डोळा मिटणे हा जो विचित्र दोष रुग्णांत राहतो, तो अशा वाट चुकलेल्या तंतूंचाच परिणाम होय. बल परत आले म्हणून अशा शस्त्रक्रियेस यशस्वी ठरविणे म्हणजे टपाल किती वाटले गेले एवढेच मोजून ते योग्य पत्त्यावर पडले की नाही हे न पाहणे.

ह्याच न्यायाने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी २०१४ मध्ये एक सुंदर पुरावा दिला. मूळ पेशींपासून प्रयोगशाळेत तयार केलेल्या आणि प्रकाशसंवेदी केलेल्या प्रेरक पेशी त्यांनी उंदराच्या तुटलेल्या मज्जातंतूत रोपिल्या. पुढे प्रकाशाने पायाचे स्नायू हलले. हालचाल रोपित पेशींमुळेच झाली ह्याविषयी शंकेस जागा उरली नाही, कारण प्रकाशास उत्तर देणारे दुसरे तेथे कोणी नव्हतेच.

आता साधनाविषयी. सुरुवातीच्या प्रयोगांत प्रकाश काचतंतूने बाहेरून आणला जाई आणि प्राणी त्या दोरीस बांधलेला राही. २०१५ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय व सेंट लुईस येथील गटांनी मऊ, ताणली जाणारी, बिनतारी व बिनबॅटरीची साधने उंदरांत पूर्णतः त्वचेखाली बसवून दाखविली. पुढील साधनांत १३.५६ मेगाहर्ट्झ कंप्रतेचे, म्हणजे बिनस्पर्शाच्या ओळखपत्रांतून वापरात असलेले, चुंबकीय क्षेत्र ऊर्जा पोहोचविण्यास घेतले गेले. एक सपाट वेटोळे, जेमतेम पाव मिलिमीटरचा निळा प्रकाश देणारा डायोड, आणि सर्वांवर ओलावा आत न येऊ देणारे वेष्टन, एवढाच त्याचा संसार. प्राण्याचा पिंजरा ऊर्जा देणाऱ्या तारेने वेढला की आत फिरणाऱ्या जाग्या प्राण्यात दररोज, भूल न देता, परीक्षा घेता येते. स्नायूवर नोंद घेणारे अग्र कायम बसविले असेल तर प्रतिसाद केव्हा प्रथम उमटला, कोणत्या वेगाने वाढला, आणि प्रकाशस्पंद व आकुंचन ह्यांमधील विलंब कसा कमी होत गेला हे सारे एकाच प्राण्यात टिपता येते. हा विलंब महत्त्वाचा, कारण नव्या अक्षतंतूंचे आवरण आरंभी पातळ असते व त्यांतून संदेश सावकाश जातो. विलंब घटू लागणे हे परिपक्वतेचे लक्षण समजावे.

पद्धत मोहक आहे म्हणूनच तिच्याकडे संशयाने पाहणे अवश्य आहे. पहिली शंका अशी की प्रतिसाद घटला तर दोष मज्जातंतूचा की दिव्याचा? कड्याभोवती व्रणतंतू साचतात, प्रकाश अडतो. कडे घट्ट असेल तर ते स्वतःच मज्जातंतू दाबते. ह्यावर उपाय म्हणजे इजेच्या वरून फुटणाऱ्या एखाद्या शाखेच्या अबाधित स्नायूचा प्रतिसाद सोबत नोंदविणे. तो स्थिर असेल तर दिवा ठीक आहे. ज्या प्रयोगात अशी तुलना नाही त्याच्या निष्कर्षांवर फार भार देऊ नये.

दुसरी शंका अधिक खोल आहे. मापन हेच औषध ठरले तर? शस्त्रक्रियेच्या वेळी सेकंदाला वीस स्पंद ह्या दराने एक तास विद्युत्-उद्दीपन केले असता अक्षतंतूंची वाढ लवकर सुरू होते हे उंदरांत सिद्ध झालेले आहे, आणि मनगटातील मीडियन मज्जातंतूची कोंडी सोडविलेल्या रुग्णांतही कॅनडातील गटास २०१० मध्ये त्यास पुष्टी मिळाली. २०१६ मध्ये एमरी विद्यापीठातील प्रयोगांनी प्रकाशाने चेतविलेल्या तंतूंतही तोच परिणाम दाखविला. तेव्हा जो संशोधक रोज प्रकाश टाकून प्रगती मोजतो तो कदाचित तीच प्रगती घडवीतही असतो. अशा अभ्यासात दिवा बसविलेला पण न पेटविलेला एक गट असलाच पाहिजे, आणि परीक्षेचे स्पंद मोजके असले पाहिजेत. ही गोष्ट लहान दिसते. परंतु तिच्यावाचून ‘अमुक प्रकारचे टाके अधिक चांगले’ ह्यासारखा निष्कर्ष टाक्यांविषयी आहे की दिव्याविषयी हे सांगता येणार नाही.

तिसरी मर्यादा मुळातलीच आहे. जोडाच्या वर प्रकाश टाकून स्नायू हलविणे हे तारा जोडल्या गेल्याचे प्रमाण आहे. प्राण्यास तो स्नायू इच्छेने व योग्य वेळी वापरता येतो ह्याचे नाही. वाट चुकलेल्या तंतूंशी मेंदूने कितपत जुळवून घेतले हे चालण्यावरून आणि पकडीवरूनच पाहावे लागते. म्हणून प्रकाशाची कसोटी जुन्या कसोट्यांची जागा घेणारी नसून त्यांना पूरक ठरणारी आहे.

माणसापर्यंत ही पद्धत केव्हा येईल? तेथे अडचणी तीन आहेत. पहिली जनुकाची: दृष्टी गेलेल्या एका रुग्णाच्या नेत्रपटलात प्रकाशसंवेदी प्रथिनाचे जनुक घालून अंशतः दृष्टी मिळविल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले खरे, परंतु डोळा हा प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने आश्रित अवयव आहे, हातापायाचे मज्जातंतू तसे नाहीत. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविज्ञान संस्थेच्या गटास २०१८ मध्ये उंदरांत असे दिसले की काही आठवड्यांनी प्रकाशास मिळणारा प्रतिसाद मावळतो आणि शरीर त्या परक्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते. जी कसोटी वर्षभर टिकावयास हवी तिच्यासाठी हा दोष क्षुल्लक नव्हे. दुसरी अडचण जाडीची: तंतू चेतविण्यास चौरस मिलिमीटरला सुमारे एक मिलिवॅट प्रकाश पुरतो, परंतु निळा प्रकाश ऊतीत एखाद्या मिलिमीटरातच विखरून जातो. लहान उंदराचा मज्जातंतू तेवढ्यात उजळतो, माणसाचा नाही. आणि प्रकाश वाढवावा तर उष्णता वाढते. तांबड्या प्रकाशास उत्तर देणारी, २०१४ मध्ये पुढे आलेली क्रिम्सनसारखी प्रथिने येथे उपयोगी पडण्याजोगी आहेत. तिसरी अडचण वेळेची: इजेपूर्वी पेशी खुणावून ठेवणे प्रयोगात शक्य असते, अपघातात नाही.

जनुकावाचून प्रकाश वापरण्याचा एक मार्ग मात्र अस्तित्वात आहे. व्हँडरबिल्ट विद्यापीठातील संशोधकांना २००५ मध्ये आढळले की अवरक्त प्रकाशाचा अल्प स्पंद मज्जातंतूस स्पर्श न करता चेतवितो. पाण्यात तो शोषला जाऊन क्षणिक उष्णता होते व पटलाची विद्युत्-धारकता बदलते, अशी त्याची उपपत्ती २०१२ मध्ये मांडली गेली. ह्यात प्रेरक-संवेदी असा भेद होत नाही. परंतु विद्युत्प्रवाह जसा आसपास पसरतो तसा हा स्पंद पसरत नाही, त्यामुळे जाड मज्जातंतूतील एकेका जुडग्याची स्वतंत्र परीक्षा होऊ शकते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या रुग्णांच्या पाठीच्या कण्यातील संवेदी मुळे उपचारासाठी छेदावयाचीच होती, त्यांच्या त्या मुळांवर शस्त्रक्रियेच्या टेबलावरच हा प्रकाश वापरून स्नायूंचे प्रतिसाद मिळविण्यात आले. व्रणाने वेढलेला जुना जोड पुन्हा उघडल्यावर त्यातील कोणते जुडगे जिवंत आहे व कोणते कापून नवा तुकडा बसवावयाचा, हे ठरविण्यास शस्त्रवैद्याच्या हाती प्रथम येईल ते बहुधा हेच साधन असेल. शेवाळाचे प्रथिन त्याच्या मागून येईल.